इजेचं कारण

जखमी जनावर खोड्यात उभं केलं की आमचे ड्रेसर आधी जखम बघायचे नाहीत. आधी मालकाकडं बघायचे आणि विचारायचे, "घरात कोण कोण हाय?"

माणसं चक्रावून जायची. बैलाच्या पायातून रक्त वाहतंय, मालक घाबराघुबरा झालाय आणि हा माणूस शिरगणतीला आल्यासारखा चौकशी करतोय. "आई हाय, मंडळी हाय, दोन पोरं हाईत. का वो?"

"न्हाई, इचारलं आपलं," असं म्हणत ड्रेसर खाली बसायचे आणि कापसाचा बोळा टिंक्चरमध्ये बुडवायचे. मालकाला वाटायचं, म्हातारा जरा सरकलेला दिसतोय. मलाही पहिले सहा महिने तसंच वाटत होतं.

मी तेव्हा कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला जनावरांचा डॉक्टर होतो. वाढलो साताऱ्यात, वडील कचेरीत कारकून, आणि घरात पाळलेलं जनावर म्हणाल तर एक पोपट. पहिली नेमणूक मिळाली ती विट्यापासून तासाभरावरच्या एका गावात. दुष्काळ हटून दोन वर्षं झाली होती, पण गुरं अजून हाडं घेऊनच फिरत होती. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, अंगणात जनावर बांधायचा लाकडी खोडा, सुया उकळायला एक स्टोव्ह आणि ड्रेसर. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं हे त्यांचं काम. खरं सांगायचं तर दवाखाना तेच चालवायचे. मी सही करायचो.

त्यांना नाव होतं, पण मस्टर सोडलं तर ते कुणी वापरत नव्हतं. अख्खा गाव त्यांना ड्रेसर म्हणायचा. अंगानं काटक, मिशा पांढऱ्या, भुवया मात्र काळ्याभोर. खाकी हाफपँट आणि वर सदरा. पलटणीत पंधरा वर्षं खेचरं सांभाळून आले होते. माणसांशी गावची बोली बोलायचे आणि जनावरांशी हिंदी. "आराम से बेटा, आराम से," असं पुटपुटत एखाद्या उधळलेल्या खोंडापाशी जायचे आणि ते खोंड खरंच मान खाली घालायचं. मी एकदा विचारलं, "ड्रेसर, जनावरांना हिंदी कशी हो कळते?"

"हिंदी कळत न्हाई सायेब. मराठी कळती, म्हणून तर हिंदी. मराठीत त्यास्नी जल्मभर नुसत्या शिव्या ऐकू आल्यात. मराठी सुरू केली की अंग चोरत्यात."

जनावरासमोर उभं राहताना ते दोन्ही हात मांड्यांना चिकटवून उभे राहत. कवायतीत उभे असल्यासारखे. मी हात हलवत बोलायला लागलो की करवादायचे, "सायेब, हात खाली." मला राग यायचा. मी त्यांचा साहेब, आणि हे मला शाळेतल्या पोरासारखे दटावणार. कुणी म्हणालं की आमचा बैल मारका आहे, की हे लगेच उसळायचे. "मारका नसतोय गड्या. मार खाल्लेला असतोय. तू आदी सांग, कुणी मारला." एवढं तोंडावर बोलल्यावर तो माणूस पुन्हा आमच्याकडं कशाला येईल? गिऱ्हाईक घालवण्यात ड्रेसरांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आमची खरी भांडणं व्हायची ती रजिस्टरवरून. त्यात मालकाचं नाव, जनावराचं वर्णन, इजेचं कारण आणि केलेला उपचार असे रकाने होते. इजेच्या कारणात लोक सांगतील ते लिहायचं अशी रीत होती. तार लागून, शिंग लागून, खड्ड्यात पडून. ड्रेसर तिथं सरळ 'माणूस' असं लिहायचे. ठसठशीत अक्षरात. एकदा वरून तपासणीला आलेल्या साहेबांनी रजिस्टर चाळलं आणि चष्मा कपाळावर नेऊन मला विचारलं, "हे काय? चौदा केसेस माणूस? या भागात माणसं चावतात की काय?" मी हसून वेळ मारून नेली. साहेब गेल्यावर मात्र ड्रेसरांना झापलं. ते शांतपणे म्हणाले, "चावत न्हाईत सायेब. चावली असती तर बरं झालं असतं. दात तरी मोजता आलं असतं."

आता एक डोकं खाजवायची गोष्ट. गावातल्या एका मोठ्या घरचा शर्यतीचा बैल पाठीवर कासऱ्याचे वळ घेऊन आला. कातडी दोन ठिकाणी फुटली होती. त्या घरानं ठरवून टाकलं होतं की हे काम गड्याचं. गडी बिचारा कोपऱ्यात उभा राहून थरथरत होता. ड्रेसरांनी सगळ्यांना खोड्यासमोर एका ओळीत उभं केलं. म्हातारे मालक, दोन मुलं आणि गडी. म्हणाले, "एकेकानं फुडं या आन् आपलं डोकं खाजवा."

मला हसू आवरेना. म्हाताऱ्यांनी पटका सावरत डोकं खाजवलं, बैल रवंथ करत राहिला. गड्यानं खाजवलं, बैलानं उलट त्याच्याकडं मान लांबवली. धाकट्या मुलाच्या वेळीही काही झालं नाही. मग थोरला पुढं आला. गावात याच्याइतका सज्जन मुलगा नाही असं ज्याच्याबद्दल बोललं जायचं, तो. त्यानं हात खांद्याच्या वर नेला मात्र, बैल असा मागं हटला की खोड्याचं लाकूड कडाडलं. डोळे पांढरे झाले आणि पाय लटपटायला लागले. गडी रडायला लागला.

संध्याकाळी ड्रेसर त्यांच्या घरी पट्टी बघायच्या निमित्तानं गेले आणि पाणी मागितलं. पाणी सुनेनंच आणलं पाहिजे असा त्यांचा हट्ट असायचा. तांब्या घेताना ते तिच्या तोंडाकडं बघत नसत, मनगटाकडं बघत. परत येऊन मला म्हणाले, "जे बैलाच्या पाठीवर, तेच तिच्या मनगटावर. त्योच कासरा."

मी म्हणालो, "ड्रेसर, आपण गुरांचे डॉक्टर. घरात शिरायचं आपलं काम नाही."

"गुरं घरातच ऱ्हात्यात सायेब," ते म्हणाले.

त्यांनी कुठून तरी त्या मुलीच्या भावाचा पत्ता मिळवला. स्वतः एसटीनं जाऊन सांगून आले. आठ दिवसांत भाऊ आला आणि तिला घेऊन गेला. त्या घरानं माझ्याकडं तक्रार केली, महिनाभर कुणी आम्हाला चहा विचारला नाही. पण ती मुलगी वाचली, हे मलाही मान्य करावं लागलं.

म्हणजे ते दर वेळी बरोबरच असायचे असं नाही. एका माळकरी म्हाताऱ्याच्या बैलाच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या होत्या, त्या त्यांनी वळ समजल्या. भर चार लोकांत म्हाताऱ्याला नको ते बोलले. मी इंजेक्शन दिलं आणि तासाभरात गांधी बसल्या. बैलानं काहीतरी वावगं खाल्लं होतं, एवढंच. म्हातारा बैल घेऊन गेला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. पुढच्या रविवारी ड्रेसर त्याच्या गोठ्यात गेले आणि दिवसभर खरारा, शेणघाण, वैरण सगळं एकट्यानं केलं. माफी मागायची त्यांची ती तऱ्हा. तोंडानं मागता यायची नाही.

हे सगळं त्यांना कसं कळतं, हे मी त्यांना एका दुपारी विचारलं. सुया उकळत होत्या, बाहेर कुणी नव्हतं. स्टोव्हची वात कमी करत ते म्हणाले, "माज्याच हातानं शिकलोय, सायेब."

पलटणीत डोंगराच्या वाटेवर एक खेचर अडून बसलं होतं. वरून हुकूम होता, सामान वेळेत पोचलं पाहिजे. ड्रेसरांनी त्याला मारलं. ते उठलं नाही, म्हणून आणखी मारलं. "मग त्ये उठलं. पण माजा हात थांबंना. उटल्यावर बी मारतच हुतो. लय हलकं वाटलं मला. त्येच वाईट झालं बगा, हलकं वाटलं त्ये." त्यानंतर ते रजेवर घरी आले. बायकोनं भाकरी करायला उशीर केला. एवढंच निमित्त.

"हाताला कळत न्हाई सायेब, फुडं कोण हाय. त्याला नुसतं हलकं व्हायचं असतंय."

तीन रजांमध्ये तीन वेळा असं झालं. चौथ्या रजेला आले तेव्हा बायको तिच्या भावाकडं साताऱ्याला निघून गेली होती. ते न्यायला गेले नाहीत. अठरा वर्षं झाली होती त्या गोष्टीला. "तेवडं एकच चांगलं केलं बगा. न्यायला गेलो न्हाई." मग उठून त्यांनी चिमट्यानं सुया काढल्या, कापडावर एका ओळीत मांडल्या आणि पुढचं जनावर आत घ्यायला सांगितलं.

मी हादरलो होतो, हे कबूल करतो. ज्या माणसाला मी जरा सरकलेला पण देवमाणूस समजत होतो, त्याच्यासोबत त्या संध्याकाळी मला चहा घ्यावासा वाटेना. दोन-चार दिवस मी तुटकपणे वागलो. त्यांनी ते ओळखलं, आणि त्याचा राग न धरता काम करत राहिले. सांगितलं तेव्हाच त्यांनी ती किंमत गृहीत धरली असावी.

पुढं माझी बदली झाली, ते निवृत्त झाले. पाच-सहा वर्षांनी साताऱ्याच्या स्टँडबाहेर मला ते दिसले होते. एक टांगेवाला घोड्याला चाबकानं झोडत होता, भोवती दहा माणसं बघत होती, आणि त्यांत आमचे ड्रेसर दोन्ही हात मांड्यांना चिकटवून उभे होते. मी वाट बघत राहिलो, आता हे पुढं होतील, आता त्या टांगेवाल्याची खरडपट्टी काढतील. ते मान खाली घालून गर्दीतून निघून गेले. मला त्यांनी पाहिलं होतं की नाही कोण जाणे. मीही हाक मारली नाही. त्यांची ती बोलती कशानं बंद झाली ते मला ठाऊक होतं, आणि त्यात माझाही वाटा होता. इतका वेळ बैलाच्या आणि खेचराच्या गोष्टी सांगत बसलोय ते हे टाळण्यासाठीच. आता सांगतो.

दिनकर नावाचा एक तरुण शेतकरी एक खिलारी गाय घेऊन दवाखान्यात आला. शेपूट बुडापासून मोडलेलं, बरगड्यांवर सूज. "गव्हाणीत अडकली, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. मला डॉक्टरसाहेब म्हणणारा गावात तो एकटाच. बोलणं मऊ, कपडे इस्त्रीचे, ऊस बरा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ड्रेसरांनी विचारलं, घरात कोण कोण आहे. तो म्हणाला, "मी, आई आणि मंडळी. गाय मंडळींच्या वडलांनी आंदण दिलेली आहे." बोलता बोलता त्यानं कपाळावर आलेले केस मागं सारायला हात वर नेला, आणि गाय होती तिथं गुडघ्यांवर बसली. बसल्या जागीच तिची लघवी झाली.

मी हे डोळ्यांनी पाहिलं. आता हसू यायचे दिवस गेले होते.

ड्रेसर रोज पट्टी करायला त्याच्या घरी जायला लागले. दिनकरच्या बायकोचं नाव शालन. माहेर शिराळ्याकडचं, लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नव्हतं. पाणी तिनं डाव्या हातानं दिलं. उजवा हात पदरात गुंडाळलेला होता. ड्रेसरांनी हळूच विचारलं, "बाय, हाताला काय झालं?" ती म्हणाली, "काय न्हाई मामा. गाय माज्या आबांनी दिलीया. तेवडी वाचवा." स्वतःबद्दल एक अक्षर नाही.

ड्रेसर परत आले ते लाल होऊन. "दोघींवर बी एकच काठी हाय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दिनकरला दवाखान्यात बोलावलं आणि माझ्यासमोर रजिस्टर उघडून त्याच्या पुढ्यात ठेवलं. इजेच्या कारणात 'माणूस' लिहून पुढं दिनकरचं नाव लिहिलं होतं.

"हे बग दिनकरा. दर सोमवारी मी गाय बघाय येणार. अंगावर एक वळ जरी दिसला, तर हे बुक घिऊन फौजदाराकडं जातोय. डॉक्टर सायेब सही देणार हाईत."

माझी सही त्यांनी मला न विचारताच देऊन टाकली होती. दिनकरचा चेहरा उतरला, पण तो हसला. म्हणाला, "या की. गाय तुमचीच समजा."

तो गेल्यावर मी म्हणालो, "ड्रेसर, तुम्ही गाईबद्दल बोललात. बायकोबद्दल एक शब्द नाही."

"बायकूचं काडलं तर फौजदार म्हणल, घरातलं भांडाण हाय, जावा घरला. मुक्या जनावराला कायदा हाय सायेब. बाईला कुटं हाय?" मग जरा थांबून म्हणाले, "हाताला एकदा थांबायची सवं लागली की त्यो थांबतोय. गाय सुटली की बाई बी सुटंल."

मला ते पटलं. आज कुणी मला मूर्ख म्हणेल, पण तेव्हा ते पटण्यासारखंच होतं. इतके दिवस आम्ही गाय बघून बाई ओळखत आलो होतो. गाईवर वळ असेल तर बाईवर आहे. मग गाईवर नसेल तर बाईवरही नाही, हा हिशेब आम्हाला दोघांनाही सरळ वाटला.

ड्रेसरांचे सोमवार सुरू झाले. पहिल्या महिन्यात सूज उतरली. दुसऱ्या महिन्यात कातडीवर तुकतुकी आली. शेपूट वाकडंच राहिलं, पण गाय माश्या हाकलायला लागली. तिसऱ्या महिन्यात दिनकरनं शेजारी उभं राहून हात वर केला तरी ती रवंथ करत राहिली. त्या दिवशी ड्रेसर परत आले ते बाजारातून पेढे घेऊन. मला दोन पेढे दिले, खोड्याजवळ बांधलेल्या एका परक्या म्हशीलाही एक चारला.

"सुदारतोय सायेब. हात सुदारतोय," ते म्हणाले. "लय वर्सं मला वाटायचं, न्हाईच सुदारत. एकदा गेला की गेला."

मला कळलं की ते आता दिनकरबद्दल बोलत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोस्टातून एक कार्ड आणलं, साताऱ्याचा पत्ता घातला आणि दुपारभर कोऱ्या बाजूकडं बघत बसले. चार ओळी लिहिल्या. मला वाचायला दिल्या नाहीत. कार्ड टाकलं की नाही, ते मला माहीत नाही. पण त्या महिन्यात ते फार खुशीत होते, आणि त्यांच्या खुशीमुळं मीही.

बेंदूर आला, आमच्याकडचा बैलांचा सण. आदल्या दिवशी आमच्याकडं खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून दुखावलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळायचं. त्या दिवशी शालनचे वडील शिराळ्याहून आले ते आधी दवाखान्यात. साधा, रापलेला माणूस. हातात टोपी धरून उभे राहिले.

"ड्रेसर, पोरगी लय वाळलीया म्हणून कानावर आलं. तुमचं येणंजाणं हाय म्हणून आदी तुमाला इचारतोय. घिऊन जाऊ का तिला? एकदा न्हेली की परत धाडायचो न्हाई. बिनलेकराची हाय. गावाला काय म्हणायचं त्ये म्हणूं द्या. तुमी सांगाल तसं करतो."

आम्ही तिघं दिनकरच्या घरी गेलो. दिनकर गोठ्यात उघड्या अंगानं बैलांचे खांदे चोळत होता. हात हळदीनं पिवळे झाले होते. गाईच्या शिंगांना गेरू लावला होता, गळ्यात नवा गोंडा होता. ड्रेसर तिच्यापाशी गेले, पाठीवरून, बरगड्यांवरून, मांड्यांवरून हात फिरवला. मग दिनकरला म्हणाले, "डोकं खाजव रं जरा."

दिनकर हसला आणि त्यानं पिवळा हात डोक्यावर नेला. गाईनं मान वर करून त्याच्या कोपराला जीभ लावली.

ड्रेसर वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. शालनच्या वडलांना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या लेक हितंच. माणूस सुदारला."

पाणी त्या दिवशी सासूनं आणलं. ड्रेसरांनी हट्ट धरला नाही, त्यांना गरज वाटली नाही. शालन आतल्या सोप्यात चुलीपाशी बसली होती. वडील आत गेले तेव्हा ती उठली. उठताना तिनं आधी भिंतीला हात लावला, मग गुडघ्यावर हात ठेवला, मग उभी राहिली. वीस-बावीस वर्षांची मुलगी अशी उठत नाही. मी ते पाहिलं. अगदी स्पष्ट पाहिलं. आणि मनाशी म्हटलं, ड्रेसरांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. ते राहू द्या म्हणतायत तर असेल सगळं बरं. वडील आत थोडा वेळ तिच्याशी बोलले, बाहेर आले आणि टोपी घालून संध्याकाळच्या गाडीनं परत गेले.

दीड महिन्यानं शालन गेली. न्हाणीत पाय घसरला, डोकं दगडावर आपटलं, असं दिनकरनं सांगितलं. आम्हाला कळेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिला शेवटची अंघोळ घालणाऱ्या बायकांनी जे पाहिलं ते त्यांनी आपापसांत बोलून दाखवलं, आणि मग ते आमच्यापर्यंत आलं. पाठीवर, पोटावर, मांड्यांवर, जिथं जिथं लुगडं पुरतं तिथं तिथं. जुने काळे पडलेले, आणि ताजे. मनगटं मात्र स्वच्छ होती. दिनकरला कुणी काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी त्याचं दुसरं लग्न झालं.

आम्ही दोघांनी एकमेकांशी त्यावर बोलायचं टाळलं. बोलण्यासारखं होतं काय? दर सोमवारच्या धाकानं त्याची काठी गाईवरून हटली होती, आणि गाईच्या वाटणीचंही शालनवर पडत होतं. तिला तपासायला सोमवारी कुणी येत नव्हतं. ड्रेसर रोज वेळेवर येत, सुया उकळत, जखमा धूत. पट्टीची गाठ मात्र ते आता मला मारायला सांगायचे.

दिवसकार्य झाल्यावर शालनचे वडील आंदणाची गाय परत न्यायला आले. गाडीत घालण्याआधी प्रवासाला धड आहे का, एवढं बघून घ्यावं म्हणून दवाखान्यात घेऊन आले. खोड्यात घालायची गरज नव्हती, गाय शांत होती. ड्रेसरांनी हिंदीतसुद्धा काही म्हटलं नाही. नुसते तिच्या अंगावरून हात फिरवत राहिले. मानेपासून शेपटापर्यंत, पुन्हा शेपटापासून मानेपर्यंत. इतक्यांदा की शेवटी मीच म्हणालो, "ड्रेसर, पुरे."

"लय चांगली ठिवलीया गाय," शालनचे वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. आपल्या लेकीची गाय सांभाळल्याबद्दल ते खरंच आभार मानत होते, आणि ते ऐकवत नव्हतं. मग ते जरा घुटमळले.

"ड्रेसर, एक सांगायचं ऱ्हायलं बगा. बेंदराला आलो तवा पोरगी मला आत म्हणाली हुती. आबा, मामास्नी सांगा, सोमवारचं गाईला बघाय येऊ नगा. म्या म्हणलं, का गं? तर काय बोलंना. मला वाटलं, मालकाला आवडत न्हाई म्हणून म्हणत आसंल. तुमी एवडं मायेनं येताय, पदरमोड करून आवशीदं लावताय, तुमाला तोंडावर कसं म्हणायचं, येऊ नगा? बरं न्हाई दिसत त्ये. म्हणून बोललो न्हाई."

ड्रेसरांचा हात गाईच्या पाठीवर होता तिथंच राहिला. शालनच्या वडलांना अजूनही काही उमगलं नव्हतं, ते टोपी हातात घेऊन आमच्या तोंडांकडं बघत होते, आणि त्यांना समजावून सांगायचा धीर आम्हा दोघांपैकी एकालाही झाला नाही. मी गाईचं दावं सोडून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणालो, "प्रवासाला धड आहे. न्या."